श्वेतकणांची शिरगणती

शिरगणती करणे आणि ओळख पटविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. गावात माणसे किती, हा आकडा तलाठी एका दिवसात देऊ शकतो. परंतु त्यांत कुळे किती, मजूर किती, परगावाहून पोटासाठी आलेले किती, हे कळल्याखेरीज त्या आकड्याच्या आधारे शहाण्या अधिकाऱ्याने कोणताही हुकूम काढू नये. मनुष्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींच्या बाबतीत वैद्यकशास्त्रास हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. ‘कोण’ या प्रश्नास शतकाहून अधिक काळ द्यावा लागला, आणि तो प्रश्न अद्याप संपलेला नाही. जेथे हा दुसरा प्रश्न विचारण्याचे राहून गेले, तेथे माणसांना नसलेल्या रोगाचे नाव चिकटले. या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या या बंगळुरापासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरवर लिहिला गेला, आणि त्याचा उत्तरार्ध खुद्द बंगळुरात घडला. येथे बदलून आलेल्या मराठी माणसास तो ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभी मूळ वस्तूचा परिचय करून घेऊ. नळीत घेतलेले रक्त गोठू न देता उभे ठेवले, तर काही वेळाने तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो, आणि या दोहोंच्या मध्ये सायीसारखा एक अगदी पातळ फिकट थर दिसतो. हाच श्वेतकणांचा थर. एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख असतात, तर निरोगी प्रौढ माणसाच्या श्वेतकणांची संख्या चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत असते. म्हणजे सातशे-आठशे तांबड्यांच्या गर्दीत एखादा पांढरा. शिवाय तो पांढरा म्हणावयाचा इतकेच. सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या रक्तात पाहिला असता त्यास रंगच नसतो. काचेवर काचेचा तुकडा ठेवावा, तसा तो दृष्टीस हुलकावणी देतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम ह्यूसन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने या रंगहीन पेशींचा काळजीपूर्वक अभ्यास केला. पुढे १८४३ साली फ्रान्समध्ये आंद्राल आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडिसन यांनी रोगाच्या अवस्थेत या पेशींची संख्या बदलते, असे स्वतंत्रपणे नमूद केले. १८४५ साली एडिंबरो येथे बेनेट आणि बर्लिन येथे फिर्खो यांनी असे मृत रुग्ण वर्णिले, की ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींची प्रचंड दाटी झालेली होती. फिर्खोने त्यास ‘ल्युकेमिया’, म्हणजे शब्दशः ‘पांढरे रक्त’, असे नाव दिले. या सर्व थोर पुरुषांस संख्येचे मर्म कळले होते. परंतु संख्या वाढली ती कोणाची, हे सांगण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. १८४६ साली व्हार्टन जोन्स याने काही पेशींत दाणे दिसतात आणि काहींत दिसत नाहीत, एवढा भेद टिपला. त्यापुढे नुसत्या डोळ्याची मजल जाईना.

ही कोंडी फोडली ती एका अशा धंद्याने, की ज्याचा वैद्यकाशी काडीचाही संबंध नव्हता. जर्मनीत डांबरापासून कापडाचे कृत्रिम रंग तयार करण्याचे कारखाने त्या काळी भरभराटीस आले होते. या रंगांचे वेड घेतलेला पॉल एर्लिख नावाचा तरुण वैद्य होता. कोणता रंग कोणत्या पदार्थास धरून बसतो, हा त्याचा ध्यास. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरावा, तो उष्णतेने पक्का करावा आणि त्यावर निरनिराळे रंग घालून पाहावेत, असा क्रम त्याने आरंभिला, आणि १८७९ साली त्याचे फलित प्रसिद्ध केले. जे श्वेतकण आजवर एकाच साच्याचे भासत होते, ते रंग चढताच निरनिराळ्या जातींचे निघाले. आम्ल रंग उत्सुकतेने शोषून घेणारे दाणे एका जातीत, क्षार रंग धरणारे दुसऱ्या जातीत, दोहोंनाही थोडा थोडा प्रतिसाद देणारे बारीक दाणे तिसऱ्या जातीत. आम्ल रंगांपैकी इओसिन हा गुलाबी-नारिंगी रंग ज्या दाण्यांवर तेजाने चढला, त्या पेशींस ‘इओसिनोफिल’, म्हणजे इओसिनची आवड असणाऱ्या, असे नाव पडले. ग्रीक भाषेत ईऑस म्हणजे उषा. पहाटेच्या रंगाचे नाव घेतलेली ही पेशीच आमच्या पुढील कथेची नायिका आहे.

कारण पुढे रसायनशास्त्राने उलगडले. इओसिनोफिलच्या दाण्यांत तीव्र क्षारधर्मी प्रथिने ठासून भरलेली असतात, आणि आम्ल रंग त्यांकडे ओढला जातो. पण एर्लिखास हे कळण्याची गरज पडली नाही. त्याने रंगाला साक्षीदार केले आणि साक्ष जशीच्या तशी लिहून घेतली. आज कोणत्याही तपासणीच्या कागदावर जी पाच नावे छापलेली असतात, त्यांची वाटणी या कामातून निघाली. निरोगी माणसाच्या शंभर श्वेतकणांत न्यूट्रोफिल पन्नास ते सत्तर, लिम्फोसाइट वीस ते चाळीस, मोनोसाइट दोन ते आठ, इओसिनोफिल एक ते चार-सहा, आणि बेसोफिल एखादा असलाच तर. या पाच संख्यांची बेरीज नेहमी शंभर असते. ती तशी असल्यामुळेच त्यांतील एखादी वाढली, तर दुसरी उगाच घटल्याचा भास होतो, हे मात्र विसरता कामा नये.

ही विद्या हिंदुस्थानात रुजण्यास वेळ लागला नाही. लष्करी वैद्यांच्या सामानात सूक्ष्मदर्शक यंत्र आले होते. १८९५ साली कॉलऱ्याच्या बंदोबस्तासाठी रोनाल्ड रॉस यास बंगळुरास धाडण्यात आले, तेव्हाही हिवतापाच्या जंतूचा त्याचा शोध चालूच होता. त्या शोधाची सिद्धी १८९७ साली सिकंदराबादेस झाली. त्याच दशकात विल्यम लीशमन हाही सैन्याबरोबर हिंदुस्थानात होता. स्वदेशी परतल्यावर १९०१ साली त्याने रक्त रंगविण्याची एक सुटसुटीत रीत सिद्ध केली. मेथिल अल्कोहोलात विरघळविलेला एकच रंग पेशींना काचेवर पक्के करतो आणि त्यांना रंगवितोही. शुद्ध पाणी, एक बाटली, आणि दहा-पंधरा मिनिटांचा धीर, एवढ्यावर काम भागते. जिल्ह्याच्या इस्पितळात, मिशनच्या दवाखान्यात, रेल्वेच्या वसाहतीत ही बाटली पोहोचली, ती या साधेपणामुळेच. पुढे पिढ्यान् पिढ्या आपल्या देशातील तंत्रज्ञ एका डोळ्याने यंत्रात पाहात, बोटांनी खुणा करीत, शंभर पेशी मोजीत आले. अशा माणसांची नावे ग्रंथांत येत नाहीत. रोगनिदानाचा पाया मात्र त्यांच्याच डोळ्यांवर उभा राहिला.

आता या शतकाभरापूर्वीच्या दक्षिण देशाकडे वळू. क्षयरोगावर त्या काळी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ साली उजेडात आले. तोपर्यंत मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि काही शस्त्रक्रिया, एवढाच इलाज. त्यासाठी आरोग्यधामे उभारली गेली. बंगळुराच्या ईशान्येस, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात आणि आताच्या आंध्र प्रदेशात, मदनपल्ली हे गाव आहे. रवींद्रनाथांनी ‘जन गण मन’चे इंग्रजी रूपांतर १९१९ साली याच गावी केले, म्हणून ते पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. या मदनपल्लीजवळ आरोग्यवरम् येथे अनेक मिशनांनी एकत्र येऊन क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालविले होते, आणि डॉ. क्रिश्चन फ्रिमोट-मोलर हे डॅनिश वैद्य त्याचे प्रमुख होते. दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण तेथे येत.

या रुग्णांत काही मंडळी अशी येत, की त्यांचे चित्र क्षयाशी जुळे आणि तरीही जुळत नसे. रात्री खोकल्याची उबळ, छातीत घरघर, बारीक ताप, वजनात घट, महिनोन् महिने चाललेला थकवा. क्ष-किरणांच्या चित्रात दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपक्यांची छाया. एवढे पाहिल्यावर क्षय म्हणावयास कोणता वैद्य कचरला असता? परंतु थुंकीत क्षयाचे जंतू वारंवार शोधूनही सापडत नसत, आणि फुप्फुसांची छाया एवढी विस्तृत असताना रुग्णाची प्रकृती तितकी खालावलेली नसे. अशा वेळी काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब बोलू लागला. शंभरांत चार असावयाचे ते उषावर्णी इओसिनोफिल तेथे तीस, पन्नास, कधी त्याहूनही अधिक भरत. १९४० साली फ्रिमोट-मोलर आणि त्यांचे सहकारी बार्टन यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास क्षयासारखा भासणारा, परंतु क्षय नसलेला, इओसिनोफिलांच्या वाढीचा विकार असे म्हटले.

या वर्णनाचे मोल शास्त्रीय तर आहेच. पण त्यात माणसाच्या संसाराचे जे मोल आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या काळी क्षय हा शब्द घरात शिरला म्हणजे काय होई, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे, अंथरूण वेगळे. लहान मुलांस जवळ येऊ द्यावयाचे नाही. बहिणीचे लग्न अडावयाचे. नोकरीतील माणसाची बिनपगारी रजा आणि मग वैद्यकीय मंडळापुढे उभे राहणे. आरोग्यधामात महिनेच्या महिने काढावयाचे म्हणजे घरची शेतीवाडी गहाण पडावयाची. हे सर्व भोग, ज्यास क्षय झालेलाच नाही अशा माणसाने, केवळ कोणी त्याच्या रक्तातील शंभर पेशी रंगवून ओळखल्या नाहीत म्हणून भोगावेत, याहून मोठी विटंबना कोणती? उलट बाजूने पाहता, तेच भोग एका थेंबाने आणि चार आण्यांच्या रंगाने टळू शकत होते. ज्ञान नेहमी महाग नसते. पुष्कळदा ते बाटलीत भरून फळीवर ठेवलेले असते. ती बाटली खाली काढण्याचे तेवढे कोणाच्या मनात यावे लागते.

१९४३ साली आर. जे. वाइनगार्टेन या वैद्याने ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात हिंदुस्थानातील एक्याऐंशी रुग्णांचे वर्णन करून या विकारास ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ असे नाव दिले. पुढे हेच नाव रूढ झाले. त्याच्या हाती उपायही लागला, पण तो योगायोगाने. उपदंशही असलेल्या एका रुग्णास त्याने उपदंशासाठी सोमलयुक्त निओआर्सफेनामिन टोचले, तो त्याचा दमा आणि खोकला नाहीसा झाला आणि इओसिनोफिलही ओसरले. येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. निओआर्सफेनामिन हे औषध १९१२ साली निघाले, आणि ते काढणारा दुसरा तिसरा कोणी नसून पॉल एर्लिखच होता. तारुण्यात ज्याने रंगाच्या साह्याने ही पेशी ओळखली, त्याच्याच उतारवयातील औषधाने त्या पेशीशी निगडित असलेला विकार हटावा, आणि हे पाहण्यास तो मात्र हयात नसावा! एर्लिख १९१५ सालीच निवर्तला होता. रंग ज्यास धरतो त्यास विषही धरू शकेल, या एकाच विचाराने त्याचे दोन्ही शोध जोडलेले होते.

तथापि औषध लागू पडले म्हणजे कारण कळले, असे नव्हे. हा विकार दम्याचाच प्रकार, कोळ्यासारख्या सूक्ष्म किड्यांचा उपद्रव, एखादी अ‍ॅलर्जी, असे नाना तर्क चालले होते. पहिला ठोस धागा पुन्हा औषधानेच दिला. हत्तीरोगाच्या कृमींवर गुणकारी ठरलेले डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ साली अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आंध्रातील भीमावरम् येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव वाहात होते. १९५५ साली गणात्रा आणि लुईस यांनी हे औषध या फुप्फुसविकारावर वापरल्याचा अनुभव भारतीय नियतकालिकात मांडला. सोमलाचे धोके न पत्करता रुग्ण बरे होऊ लागले. मग साहजिक प्रश्न उठला, की कृमींचे औषध येथे चालते, तर कृमी कोठे आहेत? रुग्णाच्या रक्तात त्यांचा पत्ता नसे. १९६० साली वेल्लोर येथील वेब, जॉब आणि गॉल्ट या त्रयीने या रुग्णांच्या फुप्फुस, यकृत आणि लसिकाग्रंथींच्या उतींत हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिल्ले दाखवून दिली. सामान्य रुग्णात ही पिल्ले रात्री रक्तात संचार करतात. या विकाराच्या रुग्णात मात्र शरीराची प्रतिकारशक्ती अतिरेकाने पेटून उठते, पिल्लांस फुप्फुसातच अडवून मारते, आणि त्या रणधुमाळीत फुप्फुसाचीच होळी होते. रक्तात चोर सापडत नाही, कारण पोलिसांनी त्यास घरात कोंडून धरलेले असते. आपल्यास दिसतो तो केवळ पोलिसांचा जमाव. तो जमाव म्हणजेच वाढलेले इओसिनोफिल.

या यशानंतर एक उलटा दोषही समाजात शिरला, तो सांगितला पाहिजे. ‘इओसिनोफिलिया’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत स्वतंत्र रोगाचे नाव म्हणून वावरू लागला. वस्तुतः तो रोग नाही. ती एक खूण आहे. पोटातील जंत, दमा, त्वचेचे विकार, काही औषधांचा न मानवणारा परिणाम, क्वचित रक्ताचा कर्करोगही, अशा कितीतरी कारणांनी ही पेशी वाढते. फुप्फुसाच्या ज्या विशिष्ट विकाराविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यात तिची संख्या बहुधा घन मिलिमीटरास तीन हजारांवर जाते, जेथे पाचशे ही निरोगी मर्यादा मानली जाते. सहा टक्क्यांचे आठ टक्के झाले म्हणून घाबरणे आणि पन्नास टक्के असताना क्षयाचे औषध चालू ठेवणे, या दोन्ही चुका एकाच आळसातून निघतात. खूण आणि कारण यांची गल्लत, हे त्या आळसाचे नाव.

आता उत्तरार्धासाठी बंगळुरात येऊ. १९५९ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने राष्ट्रीय क्षयरोग संस्था या शहरात स्थापन केली. येथील अभ्यासकांपुढे प्रश्न होता, की एवढ्या मोठ्या देशात क्षयरोगी शोधावयाचे कसे? गावोगाव क्ष-किरणांच्या मोटारी फिरवून लाखो छातींची चित्रे काढावीत, हा त्या काळचा विलायती मार्ग. परंतु छाया ही छायाच. ती क्षयाची, जुन्या भरून आलेल्या जखमेची, की इओसिनोफिलांच्या विकाराची, हे चित्र स्वतः सांगत नाही. तेच चित्र दोन तज्ज्ञ दोन रीतींनी वाचतात, हेही अनुभवास आले. संस्थेच्या बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांस आपल्या लक्षणांची जाणीव असते, आणि निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्यात जाऊन आलेलेही असतात, असे तीत आढळले. म्हणजे रोगी लपलेला नव्हता. तो दारात उभा होता, आणि त्यास खोकल्याच्या बाटलीवर परत पाठविले जात होते. यातून भारताच्या क्षयनियंत्रण कार्यक्रमाने खोकणाऱ्या माणसाची थुंकी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा कणा स्वीकारला. आरोग्यवरम् येथील रक्ताची काचपट्टी आणि बंगळूरच्या संस्थेची थुंकीची काचपट्टी, या दोहोंचे सांगणे एकच आहे. छाया पाहून रोगाचे नाव उच्चारू नये. पेशी पाहावी, जंतू पाहावा, आणि मग बोलावे.

परंतु रंगाच्या साक्षीलाही मर्यादा होती. एर्लिखच्या वाटणीतील लिम्फोसाइट ही जात रंगविल्यावर एकसारखीच दिसे. गोल निळसर केंद्र, भोवती पाण्याची कडा. पुष्कळ काळ ती निरुपयोगी मानली गेली. १९६१ साली जॅक मिलर याने उंदरांवरील प्रयोगांनी छातीतील थायमस ग्रंथीचे महत्त्व सिद्ध केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस हे स्पष्ट झाले की एकसारख्या दिसणाऱ्या या पेशींत दोन भिन्न घराणी आहेत. एक थायमसमध्ये शिकून तयार झालेले ‘टी’, आणि दुसरे प्रतिद्रव्ये निर्माण करणारे ‘बी’. दिसण्यावरून जे वेगळे होत नाहीत, त्यांस वेगळे करावयाचे कसे? १९६८ साली नॉर्वेच्या ब्योयम याने एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. ठराविक घनतेच्या द्रवावर अलगद रक्त ओतावयाचे आणि नळी यंत्रात गरगर फिरवावयाची. तांबड्या पेशी आणि दाणेदार श्वेतकण जड म्हणून तळाशी जातात. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट हलके म्हणून द्रवाच्या वर सायीच्या पट्ट्यासारखे तरंगत राहतात. ताकावरून लोणी काढावे तसे ते काढून घ्यावयाचे. जगभरच्या प्रयोगशाळांत ही रीत आजही चालते.

वेगळे काढलेल्यांस ओळखण्याचे साधन १९७५ साली केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी दिले. एकाच खुणेस चिकटणारी शुद्ध प्रतिद्रव्ये हवी तेवढी तयार करण्याची ही विद्या. पेशीच्या पृष्ठभागावरील एकेका खुणेस एकेक प्रतिद्रव्य. त्यास चमकणारा रंग जोडावयाचा. आणि स्टॅनफर्ड येथे हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९७० च्या सुमारास विकसित केलेल्या यंत्रात पेशी एकामागून एक लेसरच्या प्रकाशझोतासमोरून सोडावयाच्या. यंत्र प्रत्येकीची चमक पाहून तिची नोंद करते आणि सांगितल्यास तिला वेगळ्या नळीत टाकते. १९८२ साली पॅरिस येथे तज्ज्ञांनी जमून या खुणांस सी.डी. क्रमांक देण्याची पद्धती ठरविली. आम्हांस यात कौतुक वाटते ते या गोष्टीचे, की मूळ कल्पना एर्लिखचीच राहिली. रंग बदलला, काचपट्टीच्या जागी प्रकाशझोत आला. परंतु जो ज्यास धरतो तो त्याची ओळख देतो, हे सूत्र शंभर वर्षे टिकले.

या नव्या ओळखीची गरज किती तातडीची होती, हे लगेच दिसून आले. १९८१ साली अमेरिकेत जो नवा रोग आढळला, त्यात सी.डी.-४ ही खूण बाळगणाऱ्या मदतनीस टी पेशीच नष्ट होत होत्या. साध्या काचपट्टीवर त्या इतर लिम्फोसाइटांहून निराळ्या दिसत नाहीत, म्हणून जुन्या मोजणीने हा घात नीट उकलला नसता. भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग १९८६ साली चेन्नई येथे प्रथम उघडकीस आला, आणि तो उघडकीस आणणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईस स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील होत्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या शंभर नमुन्यांपैकी सहा नमुन्यांत संसर्ग आढळला. तो काळ असा होता, की हा रोग आपल्या देशात असू शकेल हे मानण्यासही पुष्कळ जण तयार नव्हते. १९९३ साली त्यांनी वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने चेन्नईस केंद्र काढले आणि २०१५ साली निधन होईतो त्या रुग्णांची सेवा करीत राहिल्या. परमुलखात राहून मराठी माणसाने काय करावे, असे कोणी विचारल्यास आम्ही हे उदाहरण पुढे करू.

२००४ साली सरकारने कर्नाटकासह सहा राज्यांत मोफत औषधे सुरू केली, तेव्हा कोणास औषध द्यावयाचे हे पुष्कळ अंशी सी.डी.-४ च्या मोजणीवर ठरे. दोनशेच्या खाली गेलेल्यास आधी, असा दंडक होता. पुढे ही मर्यादा वाढत गेली, आणि २०१७ पासून मोजणीची वाट न पाहता प्रत्येक संसर्गितास उपचार मिळू लागला. त्या मधल्या वर्षांत एका पेशीची गणती म्हणजे एका माणसाचे आयुष्य होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आज बंगळूरच्या संशोधनसंस्थांत आणि मोठ्या रुग्णालयांत लेसरची यंत्रे आहेत. १९७३ साली सुरू झालेल्या येथील किडवाई संस्थेसारख्या कर्करोग रुग्णालयात लहान मुलाचा ल्युकेमिया टी घराण्याचा की बी घराण्याचा, हे ठरवूनच उपचारांची दिशा आखली जाते. फिर्खोस ज्या ‘पांढऱ्या रक्ता’पुढे केवळ नाव देऊन थांबावे लागले, त्यातून आज पुष्कळ मुले बरी होऊन शाळेत जातात. संख्येकडून ओळखीकडे झालेल्या वाटचालीचे याहून मोठे फळ आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

आता आपल्यापुरती एक व्यवहाराची गोष्ट. बदलीची नोकरी करणारा मनुष्य आपल्या सामानाबरोबर आपल्या रक्तात मागच्या मुलखाचा इतिहासही घेऊन येतो. बंगळुराच्या थंड पठारावर हत्तीरोग सहसा मनात येत नाही. परंतु किनारपट्टीवर, किंवा कलबुर्गी-बिदरच्या बाजूस, वर्षानुवर्षे राहून येथे आलेल्या माणसाचा रात्रीचा खोकला निराळ्या कारणाचा असू शकतो. वैद्यास हे आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून खोकला लांबला, तर थुंकी तपासून घ्यावी, रक्तातील श्वेतकणांची संख्या आणि जातवारी दोन्ही पाहावी, आणि आजवर कोणकोणत्या गावी वास्तव्य झाले याची यादी न विचारता पुढे ठेवावी. आपल्या सेवापुस्तकात ती तारीखवार नोंदलेली असतेच. वर्षानुवर्षे वेतनवाढीच्या कामी येणारी ती यादी एखादे वेळी प्राणांच्याही कामी येईल.

माणसास संख्येत गणण्याची सवय राज्यकारभारास असते, आणि ती आवश्यकही आहे. परंतु न्याय देण्याची वेळ आली म्हणजे आकडा बाजूस सारून समोरचा कोण, हे विचारावे लागते. श्वेतकणांच्या इतिहासाने वैद्यांस हे शिकविले. आरोग्यवरम् येथील त्या अनाम रुग्णांस क्षयाच्या खाटेवरून उठवून घरी धाडले, ते या एका प्रश्नाने.